साखरेच्या जिल्ह्यात साखरेचा हिशेब

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. मराठी विभागासाठी लेख द्यायचा म्हटल्यावर रूममेट्सनी 'मैत्री', 'पाऊस', 'आई' असे विषय सुचवले. पण माझ्या डोक्यात गेले काही महिने एकच विषय घोळतोय, तो म्हणजे साखर. आणि तिच्या मागोमाग मीठ.

त्याला कारण आमचे तात्या, म्हणजे माझे आजोबा. आमचा ऊस. तोड झालेल्या रानातून चालताना तात्यांचा पाय उसाच्या बुडख्यावर पडला. चप्पल फाडून बुडखा तळव्यात घुसला, आणि तात्यांना कळलंच नाही! घरी येऊन चप्पल काढली तेव्हा आजीला रक्त दिसलं. जखम महिनाभर भरली नाही. दवाखान्यात तपासणी केली तेव्हा समजलं की कित्येक वर्षांपासून शुगर आहे. शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी शहाणपणाने म्हटलं, "तात्या, चहात साखर कमी करा आता." ते शांतपणे म्हणाले, "याच साखरेवर तुझ्या इंग्लिश शाळेची फी भरली बाळा. आता तीच वाईट झाली व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यासाठी हा लेख.

आपण आणि साखर

मित्रमैत्रिणींनो, आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे परवापरवापर्यंतचा अहमदनगर आणि बोलण्यातला नगर, हा साखरेचा जिल्हा आहे. प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला. १९५० साली त्याचं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे बागायती तालुक्यांत एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागे शाळा आल्या, कॉलेजं आली, दवाखाने आले. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी उसाच्या बिलातून येते. तेव्हा साखरेला नावं ठेवणं हा माझा हेतू नाही. खाल्ल्या मिठाला जागावं, तसं खाल्ल्या साखरेलाही जागलं पाहिजे.

पण एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे कारखान्याची सभासदाची साखर सवलतीच्या दरात येते. दिवाळीला पोतं घरात आलं की डबे भरतात, पाहुण्यांना दिली जाते, आणि तरी उरते. घरात टन, पोतं, उतारा, भाव या सगळ्याचा हिशेब तोंडपाठ. फक्त माणशी रोज किती पोटात जाते, हा हिशेब कधी कोणी केला नाही. म्हणून मी माझ्यापासून सुरुवात केली.

एका दिवसाचा मास बॅलन्स

आम्हाला दुसऱ्या वर्षात मास बॅलन्स शिकवतात. आत गेलेलं वजा बाहेर आलेलं म्हणजे साठलेलं. तेच स्वतःवर लावायचं ठरवलं. मेसचा चमचा लॅबमधल्या काट्यावर ठेवून पाहिला. सपाट भरला तर साखर पाच ग्रॅमच्या आसपास. मग एक साधा दिवस वहीत लिहिला :

- चहा तीन कप, प्रत्येकी दोन चमचे : ३० ग्रॅम
- चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं : ५ ग्रॅम
- कॅन्टीनमध्ये थंड पेय, २५० मिली : २७ ग्रॅम
- रात्री नूडल्सवर दोन मोठे चमचे टोमॅटो सॉस : ८ ग्रॅम

एकूण ७० ग्रॅम. आणि मी स्वतःला 'गोड न खाणारी' समजत होते! जिलेबी नाही, पेढा नाही, आईस्क्रीम नाही, तरी सत्तर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं आहे की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या आणि साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या, तर ही मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम येते. म्हणजे मी पहिली मर्यादा ओलांडलीच होती, दुसरीच्या जवळपास तिप्पट झाले होते.

आता ७० ला ३६५ ने गुणा. वर्षाला साडेपंचवीस किलो, म्हणजे सभासदाच्या साखरेचं अर्धं पोतं मी एकटी खाते! साखर उतारा १० टक्के धरला तर पाव टन ऊस झाला. हे मी घरी सांगितलं तेव्हा तात्या पहिल्यांदा हसले. टनाची भाषा त्यांना लगेच समजते.

न दिसणारी साखर

या ७० पैकी चहातली ३० ग्रॅम मला दिसत होती. बाकीची ४० ग्रॅम पाकिटातून आणि बाटलीतून आली. ग्लासभर पाण्यात पाच-सहा चमचे साखर घालून प्यायला दिली तर आपण तोंड वाकडं करू. पण तेवढीच साखर गार, फसफसणारी आणि थोडी आंबट करून दिली की घटाघटा पितो. थंडपणामुळे आणि आंबटपणामुळे गोडी कमी जाणवते, एवढंच.

कंपन्या साखर आणि मीठ फक्त चवीसाठी घालत नाहीत. दोन्ही पदार्थ पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी मिळत नाही आणि माल टिकतो. आपल्या आज्यांनाही हे माहीत होतं, मुरांबा आणि लोणचं त्याच तत्त्वावर टिकतं. फरक एवढाच, की लोणचं ताटात डाव्या बाजूला चमचाभर असायचं. आता पाकीट हेच जेवण झालंय.

द्रवरूप साखरेचा आणखी एक तोटा. ऊस दातांनी सोलून खाल्ला तर दोन कांड्यांत जबडा दुखतो आणि आपण थांबतो. रसवंतीवर तोच ऊस दोन मिनिटांत ग्लासभर पोटात जातो, चोथा मागेच राहतो. उसाच्या रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे एका ग्लासात तीस ग्रॅमच्या पुढे. पोट भरल्यासारखं मात्र वाटत नाही.

शरीरात काय होतं?

साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ती फुटते. ग्लुकोज रक्तात जातं, मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडून ते पेशींमध्ये पोचवतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि जास्त झालं तर त्याची चरबी होते. गरजेपेक्षा जास्त खाणं आणि कमी हालचाल असं वर्षानुवर्षं चाललं की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि साखर रक्तातच राहते. ती हळूहळू बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते. म्हणून तात्यांना बुडखा टोचलेला कळला नाही, आणि म्हणूनच जखम भरली नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'साखर खाल्ली म्हणून शुगर झाली' इतकं हे सरळ गणित नाही. आनुवंशिकता, वजन, एकूण आहार, व्यायाम, सगळंच येतं त्यात. पण जादा साखर, विशेषतः प्यायलेली, धोका वाढवते हे नक्की. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार आता फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही.

आता मीठ

मिठाची गोष्ट जास्त अवघड, कारण ते चमच्याने मोजून कोणी खात नाही. मी मेसच्या काकांना विचारलं. आमच्या १२० मुलींच्या नाश्त्याला आणि दोन वेळच्या जेवणाला मिळून रोज पाऊण किलोच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे माणशी सव्वासहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. मेसमध्येच कोटा संपला!

त्यावर घरून आणलेलं लोणचं चमचाभर, दीड ग्रॅम. वेफर्सचं लहान पाकीट, अर्ध्या ग्रॅमच्या वर. रात्री नूडल्स. पाकिटावर 'मीठ' असं लिहिलेलं नसतं, 'सोडियम' असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड आणि त्यात सोडियम वजनाने सुमारे ३९ टक्के. म्हणून सोडियमचा आकडा अडीचने गुणायचा, म्हणजे मीठ मिळतं. माझ्या पाकिटावर ९०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. एकूण बेरीज साडेदहा ग्रॅम. जगाची सरासरीही दहाच्या पुढेच आहे, म्हणजे या बाबतीत आपण एकटे नाही.

जास्त मिठाने काय होतं? रक्तातलं सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. वाहिन्या त्याच, पण वाहणारं रक्त जास्त, मग दाब वाढतो. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. दाब प्रमाणाबाहेर गेला की नळी जिथे कच्ची असेल तिथे फुटते. शरीरात त्या कच्च्या जागा म्हणजे मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड. शिवाय नळी फुटली तर दिसते, बीपी बहुतेकदा काहीच त्रास न देता वाढत राहतं.

अर्थात मीठ बंद करायचं नाही. ते शरीराला लागतं, आणि आयोडीनही आपल्याला त्यातूनच मिळतं. उन्हात दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसाचं मीठ घामातून जातं. आपण पंख्याखाली बसून असाइनमेंट उतरवतो, आपलं कुठे जाणार?

काही गैरसमज

'गूळ चालतो', 'मध चालतो', 'फळांचा रस तर नैसर्गिक आहे.' शरीराच्या दृष्टीने यातली साखरही साखरच. गुळात थोडी खनिजं असतात, म्हणून तो चहात दुप्पट घालायचा परवाना मिळत नाही. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, रंग गुलाबी असला तरी. आणि अख्खं फळ खायला काहीच हरकत नाही, त्यात चोथा असतो.

मग उसाचं काय?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कोणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. आपण साखर कमी खाल्ली तर शेतकऱ्याचं काय होणार? पण कारखाना आता फक्त साखर करत नाही. मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, चिपाडावर वीज होते. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. म्हणजे तात्यांचा ऊस माझ्या कपात गेलाच पाहिजे असं काही नाही, तो आमच्या मोटरसायकलच्या टाकीतही जाऊ शकतो. ऊस पिकवणं हा आमचा धंदा आहे, ती साखर आम्हीच खाऊन संपवावी असं कुठल्याही कराराच्या कागदावर लिहिलेलं नाही.

आपण काय करू शकतो?

- पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या तिनात असेल तर समजून जा. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडं.
- आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे, ते पाहा. पाकीट आपण पूर्ण खातो, सर्व्हिंग नाही.
- नूडल्सचा मसाला अर्धा घाला. सोडियम बहुतेक त्या पुडीतच असतं.
- तहान लागली तर पाणी प्या. थंड पेय ही मिठाई समजा.
- एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते.
- घरी सुट्टीला गेलात की आईवडिलांची, आजीआजोबांची शुगर आणि बीपी तपासून घ्या.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर आहे हे मुलांना दिसावं म्हणून. आम्ही तसाच एक तक्ता मेसच्या दाराशी लावला. मग काकांना विनंती केली, चहाची दोन पातेली ठेवा, एक नेहमीचं, एक कमी साखरेचं. काका म्हणाले, "ताई, तो चहा नाही, काढा होईल." पहिल्या दिवशी आम्ही फक्त अकराजणी होतो, आणि खरं सांगते, चहा अळणी लागला. महिन्याभराने काकांना ते पातेलं मोठं घ्यावं लागलं. म्हणजे आधी आपल्याला गोड चहा आवडत होता असं नाही, दुसरा चहा समोर नव्हता!

आणि तात्या? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी मागच्या सुट्टीत दिलं. म्हटलं, "तात्या, साखर वाईट नाही. हिशेब न ठेवणं वाईट." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला म्हणाले, "अर्धा चमचाच टाक. नात वजनकाटा घेऊन बसलीय."

'साखरेचं खाणार त्याला देव देणार' अशी आपल्याकडे म्हण आहे. देवाने भरपूर दिलंय. आता किती घ्यायचं ते आपण ठरवूया. चला तर मग, आज कॅन्टीनमध्ये पाकीट फोडण्याआधी एकदा उलटून बघा!

— तृतीय वर्ष, केमिकल इंजिनिअरिंग