बहिष्कार टाकणं सोपं, पाळणं अवघड



'स्वदेशी आणि बहिष्कार' हे शब्द मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. बहिष्कार पाळायचा कसा, हे मात्र मला माझ्याच वर्गाने शिकवलं.

इगतपुरीतल्या एका दुकानात माझ्या वर्गातल्या मुलीवर चोरीचा आळ घेतला गेला. नोट नंतर गल्ल्यातच सापडली, पण दुकानदाराने चूक काही कबूल केली नाही. वर्गाने ठरवलं, तिथून काहीही घ्यायचं नाही. हात वर करणाऱ्यांत मीही होते. पुढे जुलैतल्या एका संध्याकाळी लाइट गेली, पाऊस धो धो कोसळत होता. मेणबत्त्या घ्यायला मी जवळचं म्हणून त्याच दुकानात शिरले. आडोशाला वर्गातला एक मुलगा उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, आपला बहिष्कार संपला का?"

सबब सांगता आली असती. पण मी वर्गासमोर चूक कबूल केली आणि त्याच दिवशी सार्वजनिक काकांची गोष्ट सांगितली.

गणेश वासुदेव जोशी हे पुण्याचे वकील. 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, म्हणून लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. त्यांनी खादी वापरण्याचं व्रत घेतलं आणि ते स्वतः सूत कातत. 1877 च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे भरजरी पोशाखात आले होते. काका तिथेही खादीतच गेले. घरी खादी आणि दरबारात वेगळा पोशाख, असं त्यांनी केलं नाही.

पुढे बंगालच्या फाळणीची घोषणा झाल्यावर, ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. मुलांना होळीचं चित्र आवडतं. मी त्यांना विचारते, होळी तर एका दिवसात झाली, पण दुसऱ्या दिवशी अंगात काय घालायचं? बहिष्काराचा खरा कस तिथे लागतो. नुसतं 'घेऊ नका' म्हणून भागत नाही, पर्यायही लागतो. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला, तो याच विचाराने.

यानंतर वर्गाने आपला ठराव नव्याने लिहिला. त्यात चार गोष्टी आल्या:

1. कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आपलं कारण होतं, खोटा आळ.
2. कधी संपवायचा, हे आधीच ठरवायचं. दुकानदाराने त्या मुलीची माफी मागितली की बहिष्कार संपला.
3. सवलत आधीच ठरवायची. औषधासारखी निकड असेल तर चालेल. दूरच्या दुकानापर्यंत चालायचा कंटाळा आला, ही निकड नाही.
4. जबरदस्ती नाही. ज्याच्या घरची उधारी तिथेच आहे, त्याला कुणी चिडवायचं नाही. दुकानदाराच्या मुलाशी अबोलाही धरायचा नाही.

चौथा मुद्दा मुलांनीच काढला. आपल्या समाजात बहिष्कार हे गरिबाला आणि दलिताला वाळीत टाकण्याचंही हत्यार होतं. जातपंचायतींच्या अशाच जाचामुळे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. वस्तू नाकारणं आणि माणसाला वाळीत टाकणं यांत फरक आहे. तो मुलांना लहानपणीच कळायला हवा.

पालकांनो, घरी एखादी वस्तू 'आपण घ्यायची नाही' असं ठरलं असेल, तर हे चार मुद्दे मुलांसोबत कागदावर लिहून बघा. लिहिताना कळतं, आपल्याला किती झेपणार आहे. झेपेल तेवढंच ठरवा. कधी चुकलात तर लपवू नका, मुलांसमोर कबूल करा.

माफी अजून आलेली नाही. मेणबत्त्या आता मी पावसाळ्याआधीच, दुसरीकडून आणून ठेवते.