रात्रपाळीच्या मुलांचा वाली कोण?

मनमाड हे जंक्शनचे गाव. रात्र झाली म्हणून येथील कामे थांबत नाहीत. स्थानकावरील कर्मचारी, रुग्णालयातील परिचारिका, पोलीस शिपाई यांचा दिवस सूर्य नव्हे, पाळीचा तक्ता ठरवितो. या कामांत आता स्त्रियाही आहेत. आई रात्री दहाला कामावर निघाली, वडीलही पाळीवर असले, तर दोन वर्षांचे मूल कोणाच्या स्वाधीन करावे?

‘आजी सांभाळील’ हे उत्तर सोपे आहे. परंतु बदलीने येथे आलेल्या कुटुंबाची आजी दूर गावी असते. मग भार पडतो तो थोरल्या मुलीवर. ती रात्री धाकट्यासाठी जागते, सकाळी वर्गात पेंगते, आणि शिक्षकांना आळशी वाटते!

कायदा याबाबत मुका नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ३० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ च्या दुरुस्तीने ५० नोकरदारांच्या आस्थापनांवर ही जबाबदारी आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी ती पुढे चालविली, आणि स्त्रियांना संमतीने सायंकाळी ७ नंतर व सकाळी ६ पूर्वी काम करण्याची मुभाही दिली. आईला रात्रीचे दार उघडले; मुलाला मात्र ते बंदच राहिले. सरकारी ‘पाळणा’ योजनेतील पाळणाघर दिवसाला साडेसात तासांचे. त्यात आठ तासांची पाळीही मावत नाही. मग रात्रीची गोष्ट कशास?

लहान कार्यालयांना स्वतंत्र पाळणाघर परवडणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा नगरपालिकेच्या साहाय्याने सामायिक पाळणाघर चालविण्यास नव्या संहितेने वाट ठेविली आहे. नगरपरिषदेने स्थानकाजवळ जागा द्यावी. रेल्वे, रुग्णालय व पोलीस खात्याने खर्चाचा वाटा उचलावा. प्रशिक्षित सेविका तिन्ही पाळ्यांना नेमाव्यात, आणि नोकरदार पित्याच्या मुलालाही तेथे प्रवेश असावा, अशी आमची सूचना आहे.

मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे कृतीने दाखविले. त्याच न्यायाने, ज्या गावात काम रात्रभर चालते, तेथे मुलांसाठीही रात्रभर एक दिवा तेवत राहिला पाहिजे. नगरपरिषदेने संबंधितांची बैठक विनाविलंब बोलवावी.