मोटारीची काच अडते तेव्हा



या पानावर बेणे, लागण आणि खोडवा याच गोष्टी नेहमी येतात. पण शिवारफेरीला गेलो की हल्ली बांधावर उभी असलेली चारचाकी दाखवून कोणीतरी हमखास म्हणते, "साहेब, बटण दाबून दाबून बोट दुखलं, काच काही वर येईना." म्हणून हा लेख.

दाराच्या आत बारा व्होल्टवर चालणारी लहान मोटर असते. ती तारेच्या दोरीने किंवा कात्रीसारख्या सांगाड्याने काच उचलते. काच सरकते ती दोन्ही बाजूंच्या रबरी खाचेतून. कुंभारीकडच्या कच्च्या रस्त्यांची धूळ नेमकी या खाचेत बसते, पाऊस पडला की तिचा चिखल होतो, आणि उन्हाने रबर कडक होते. ठिबकचे पाणी कमी आले तर आपण मोटर बदलत नाही, आधी फिल्टर धुतो. इथेही तसेच करावे. माझ्या गाडीची मोटर गेली असे एका गॅरेजवाल्याने सांगितले होते. खाच साफ केली, तीच मोटर आजही चालते आहे.

सपाट काडीला ओले फडके गुंडाळून खाच पुसावी, वाळू द्यावी, मग सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मुळीच नको. त्याला धूळ चिकटते आणि रबर फुगते.

सगळ्याच काचा मंद असतील तर इंजिन चालू करून पाहा. फरक पडला तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांच्या जोडणीत आहे. फक्त मागच्या काचा बंद असतील तर चालकाच्या दारावरचे कुलपाचे बटण दाबले गेले आहे का ते पाहा. (यासाठी गॅरेजला जाऊन आलेले लोक मला ठाऊक आहेत!) आवाजच येत नसेल तर फ्यूज तपासा. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला. पंपाच्या पेटीत तार गुंडाळण्याची आपली सवय इथे केली तर वायरिंग जळेल, गाडीही पेटेल.

तपासताना लहान मुलांना गाडीत बसवू नये. पुष्कळ गाड्यांची काच मध्ये हात किंवा मान आली तरी थांबत नाही. चावी खिशात ठेवावी.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर बहुधा दोरी तुटलेली असते. मग बटण दाबत राहू नये. दोघांनी काच तळहातांनी वर सरकवावी, चिकटपट्टीने दाराला बांधावी आणि गाडी सोलापूरला न्यावी.