पाटे वाढविल्यानें काय साधतें?

दिवाळी उलटून उसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडच्या आसपासचे रस्ते रात्रंदिवस जागे असतात. तेलगांवच्या सहकारी साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चाललेले असतात, त्यांच्या मधून बैलगाड्या वाट काढतात, आणि या सर्वांस मागें टाकण्याच्या घाईंत पिकप नांवाची लहान मालमोटार धांवत असते. वांटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेल्या घरांस ट्रॅक्टर पोसणें जड जातें; पिकप मात्र परवडते. सकाळीं दूध, दुपारीं सोयाबीन, संध्याकाळीं लग्नाचें सामान, अशी तिची चाकरी चालू असते. पुढें उन्हाळा येतो, विहिरी आटतात, आणि मग घरांतील एखाद्या तरुणास सुचतें कीं, हिच्याच मागें पाण्याची दोन चाकी टाकी किंवा लहानशी ट्रॉली कां जोडूं नये? जोडली कीं गाडी मागें बसते, तोंड वर करते. आणि लगेच उपाय सुचविला जातो, ‘मागचे पाटे वाढवून घ्या.’

हा उपाय सर्वस्वी चूक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें खर्च मंजूर करणाऱ्या वडील माणसांनीं तरी समजून घेतलें पाहिजे.

ज्यांच्या घरीं कधीं काळीं बैलगाडी होती, त्यांस अर्धा विषय आधींच ठाऊक आहे. ओझें मागें फार झालें कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून उचलूं लागतें; पुढें फार झालें तर बैलांच्या माना दबतात. म्हणून शहाणा गाडीवान ओझें किंचित् पुढें ठेवून गाडी भरीत असे. पिकपच्या मागची दोन चाकी ट्रॉली हीहि एक बैलगाडीच आहे. फरक इतकाच कीं, बैलांच्या मानेच्या जागीं पिकपचा हूक आहे. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा या हुकावर पडावा, असा सामान्य ठोकताळा आहे. त्याहून फार कमी पडला, म्हणजे ट्रॉली उलाळ झाली, तर ती वेगांत शेपटासारखी डावी-उजवी हलूं लागते व पुढच्या गाडीसहि ओढून नेते. हा दोष पाट्यांनीं जात नाहीं. ट्रॉलींतील माल पुढें सरकविल्यानें जातो.

हुकावरचें वजन लहान वाटतें, पण तें तरफेनें काम करतें. पिकपच्या पुढच्या व मागच्या आसांत १० फुटांचें अंतर आहे आणि हूक मागच्या आसाच्या ४ फूट मागें आहे, असें धरूं. हुकावर १०० किलो पडले, तर मागच्या आसावर १०० नव्हे, १४० किलो वाढतात, आणि वरचे ४० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे सुकाणूं सैल लागतें व पुढचे ब्रेक पुरते धरीत नाहींत. रात्रीं दिव्यांचा झोत आभाळाकडे जातो आणि समोरून येणारा बिचारा आंधळा होतो. गाडी मागें बसणें हें नुसतें दिसावयास वाईट, असें समजूं नये.

आतां पाट्यांकडे वळूं. एकावर एक चढत्या लांबीचे पोलादी पाटे ठेवून केलेली कमान आपल्याकडे टांग्या-बग्ग्यांपासून परिचयाची आहे; इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून घोडागाड्यांची बैठक पालटली. या कमानीचें गणित मोठें मौजेचें आहे. सारख्या जाडीच्या ५ पाट्यांत तसाच सहावा घातला, तर ताठरपणा सुमारें एक पंचमांशानें वाढतो. परंतु जाडी वाढविली तर तो जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागीं १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर त्या एका पाट्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो! म्हणून ‘एकच पाटा, पण चांगला जाड घाला’ ही फर्माईश दिसते तितकी साधी नाहीं. अशी गाडी रिकामी असतांना दगडासारखी उडते. खड्ड्यांवर मागचीं चाकें जमीन सोडतात, आणि जमीन सोडलेलें चाक ब्रेक मारला तरी कांहीं करूं शकत नाहीं.

यापेक्षां मदतीचा पाटा बरा. तो मूळ कमानीपासून थोडा अलग बसवितात. रिकाम्या गाडींत तो स्वस्थ असतो, ओझें आलें कीं टेकतो व मग आपला वांटा उचलतो. दुसरा उपाय आस व सांटा यांच्यामध्यें बसविण्याच्या हवेच्या रबरी पिशव्यांचा. ओझें घेतांना हवा भरावी, उतरल्यावर कमी करावी. सोय उत्तम, पण आमच्या रस्त्यांवरची धूळ, चिखल व धारदार खडी पाहतां त्यांची निगा राखणारा माणूस घरांत असेल तरच हा खर्च करावा. शॉक अॅब्सॉर्बर बदलून ओझें उचललें जाईल, असा एक गैरसमज आहे. त्यांचें काम उसळी शमविण्याचें, वजन पेलण्याचें नव्हे. मात्र कमान ताठर केल्यावर जुने झिजलेले शॉक तसेच ठेवूं नयेत.

कारागिरास एक गोष्ट बजावून सांगावी. बसलेल्या कमानीस गॅसनें तापवून बांक देऊं देऊं नये, व तुटलेला पाटा वेल्डिंगनें जोडूं देऊं नये. पाणी दिलेलें पोलाद तापलें कीं त्याचें पाणी उतरतें, आणि मग तो पाटा नेमका भरल्या गाडींत जातो.

परंतु आमचा खरा आक्षेप याच्याहि पुढचा आहे. पाटे वाढविल्यानें आस मोठा होत नाहीं, टायर बळकट होत नाहींत, बेरिंग व सांगाडा होते तेच राहतात, आणि ब्रेक तर मुळींच वाढत नाहींत. होतें तें इतकेंच कीं, पूर्वीं जी गाडी जादा ओझ्याखालीं वांकून ‘पुरे’ म्हणत होती, ती आतां सरळ उभी राहते. तिची तक्रार बंद झाली, ओझें नाहीं. गाडी बसत नाहीं असें पाहून पुढल्या खेपेस आणखी चार पोतीं टाकलीं जातात, हा मनुष्यस्वभाव आहे. ताशीं ४० किलोमीटरवरून वेग ६० वर नेला, तर थांबवावयाची शक्ति सव्वादोनपट होते. त्यांत मागच्या ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील, तर तिचाहि सगळा धक्का पिकपनेंच झेलावयाचा!

म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वीं वजनकांट्यावर जावें. कारखान्यांच्या व बाजारांच्या या मुलुखांत कांटा दुर्मिळ नाहीं. ट्रॉली जोडून, माल भरून, प्रथम पिकपचीं पुढचींच चाकें कांट्यावर घ्यावीं, मग मागचीं, शेवटीं एकटी ट्रॉली. हे आंकडे नोंदणीपुस्तकांतील व गाडीवरील पट्टींतील मर्यादांशीं ताडून पाहावे. मागचा आस मर्यादेंत आहे आणि तरी गाडी बसते, असें आढळलें तर कमान खरोखरच दमलेली आहे. तेथें नवी कमान किंवा मदतीचा पाटा हा रास्त खर्च होय. आस मर्यादेबाहेर असेल, तर जगांतला कोणताहि पाटा उपयोगी नाहीं. दोन खेपा कराव्या.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत ट्रॉली हेंहि एक वाहनच आहे, तेव्हां तिची नोंदणी निराळी लागते. त्याच कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. म्हणून पाट्यांस हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. जादा भाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंड ठेविला आहे. दोन खेपांचें डिझेल यापुढें किती, याचा हिशेब घरांतील मुलेंहि करतील.

ट्रॉलींत माणसें बसवूं नयेत, हें निराळें सांगावें लागूं नये. पण ऊसतोडीच्या या जिल्ह्यांत बायका-मुलांनीं भरलेली ट्रॉली हें इतकें रोजचें दृश्य आहे कीं, त्यांतला धोका कोणाच्या नजरेंतच येत नाहीं. हुकाबरोबर सांखळी हवी, ती हुकाखालीं फुलीसारखी ओढलेली असावी, आणि ट्रॉलीस मागें तांबडे दिवे व चकाकत्या पट्ट्या हव्या. अंधारांत उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली धडकेशिवाय दिसत नाहीं.

काम करून घेतलेंच तर कमान आसास बांधणारे यू-बोल्ट नवे घ्यावे, जुने पुन्हां आंवळूं नयेत. पहिल्या दोन-तीनशें किलोमीटरनंतर पाटे एकमेकांवर बसतात व बोल्ट सैल पडतात; तेव्हां ते पुन्हां आंवळण्यासाठीं गाडी कारागिराकडे न्यावी, आणि त्याच वेळीं पुढच्या दिव्यांचा झोतहि भिंतीवर पाडून नीट लावून घ्यावा.