बर्फातली बेगमी

इटलीतल्या स्वयंपाकघरात लिंबू आणायचं नाही आणि ऑलिव्हच्या तेलाला हात लावायचा नाही, असा नियम कुणी केला तर तिथली माणसं त्याला वेड्यात काढतील. नॉर्बर्ट निडरकोफ्लर या शेफनं तो केला, आणि तोही डोलोमाइट पर्वतातल्या एका महागड्या हॉटेलात. हे हॉटेल म्हणजे सान कासियानो या स्कीइंगच्या गावातलं ‘रोझा आल्पिना’. तिथं 1996 मध्ये त्यांनी ‘सेंट ह्युबर्टस’ हे रेस्टॉरंट सुरू केलं. शिकाऱ्यांच्या रक्षक संताचं हे नाव. 2000 मध्ये मिशेलिन गाइडचा पहिला तारा मिळाला, 2007 मध्ये दुसरा. तोवर तिथल्या ताटातही अशा हॉटेलांत सगळीकडे असतात तेच पदार्थ होते: समुद्रातले मासे, फ्रान्सहून आलेलं फ्वा ग्रा. त्यानंतरच्या वर्षांत, म्हणजे गमावण्यासारखं हाताशी बरंच काही असताना, त्यांनी ठरवलं की या डोंगरांत जे पिकतं, चरतं, पोहतं किंवा रानात उगवतं, तेवढंच शिजवायचं. लिंबू डोंगरात होत नाही, ऑलिव्ह होत नाही, मग दोन्ही बाद. काचगृहात वाढवलेली भाजीही बाद. 2017 मध्ये तिसरा तारा आला. मिशेलिनच्या भाषेत तीन तारे म्हणजे केवळ जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा अशी जागा.

या निर्णयाचं मोल कळण्यासाठी बर्फातली श्रीमंती जेवणं मुळात आली कुठून, ते पाहायला हवं.

आल्प्समध्ये हिवाळा हा हजारो वर्षं पाहुण्यांचा ऋतू नव्हताच. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहान्स बाडरुट यांची 1864 ची गोष्ट सांगतात. उन्हाळा संपवून परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांशी त्यांनी पैज लावली: हिवाळ्यात येऊन राहा, आवडलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले. तिथून हिवाळी पर्यटनाची सुरुवात झाली असं मानतात. पण या पाहुण्यांना खाऊ काय घालायचं? शेतं बर्फाखाली, गाई गोठ्यात. गावकऱ्यांच्या घरी होतं ते साठवणीचं: खारवलेलं मांस, चीज, राई नावाच्या धान्याची कडक भाकरी, आंबवलेला कोबी. लंडन-पॅरिसच्या जेवणाची सवय असलेल्या माणसाच्या पुढ्यात हे ठेवायचा धीर कुठल्याच हॉटेलमालकाला झाला नाही. म्हणून सगळं खालून आणायचं ठरलं. सेंट मॉरिट्झला रेल्वे पोचली 1904 मध्ये. त्याआधी सामान घोड्यांच्या गाडीनं, बर्फात घसरगाडीनं घाट चढून येई. जी वस्तू जितक्या लांबून आणि जितक्या कष्टानं वर येईल तितका तिचा मान मोठा, ही बर्फातल्या मेजवानीची रीत तेव्हापासून पडली. पुढे त्याच गावाच्या वर कोर्विलियाच्या उतारावर, सुमारे 2,500 मीटर उंचीवर, मॅथिस कुटुंबाच्या रेस्टॉरंटनं ट्रफल आणि कॅव्हियार वाढून नाव कमावलं.

फ्रान्समधलं कूर्शव्हेल हे या रीतीचं शिखर. गंमत म्हणजे हे गाव 1946 मध्ये साव्वा जिल्ह्याच्या प्रशासनानं सार्वजनिक पैशातून वसवलं. त्याचा आराखडा रचणारे वास्तुरचनाकार लोराँ शापी महायुद्धात युद्धकैदी होते आणि बर्फातल्या गावाचा विचार त्यांनी त्या छावणीतच सुरू केला होता. आज तिथं 2,008 मीटर उंचीवर अवघ्या 537 मीटर लांबीची, अंगावर येणाऱ्या चढाची धावपट्टी आहे आणि पाहुणे लहान विमानांतून थेट बर्फात उतरतात. तिथल्या ‘शव्हाल ब्लां’ हॉटेलातलं ‘ल 1947’ हे यानिक आलेनो यांचं रेस्टॉरंट. नाव एका वाइनच्या गाजलेल्या वर्षाचं, टेबलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यालाही तिसरा तारा 2017 मध्येच मिळाला. आलेनो यांचं मोठं काम सॉसवर आहे. भाजीचा किंवा मांसाचा अर्क बेताच्या आचेवर काढायचा आणि मग तो उकळून न आटवता थंडीनं गोठवून घट्ट करायचा, ही त्यांची पद्धत. उकळीनं वास उडून जातो, थंडीनं तो टिकतो. ज्या गावाची सगळी मिळकत गोठण्यावर चालते तिथं हे तंत्र मला फार शोभून दिसतं.

थोडं चीजबद्दल सांगायला हवं, कारण बर्फात गेलेल्या सामान्य प्रवाशाचं जेवण तेच. फाँड्यू हा स्विस लोकांचा पुरातन राष्ट्रीय पदार्थ असं आपण समजतो. तो घरोघरी नेला 1930 च्या दशकात स्विस चीज संघानं, साठलेलं चीज खपावं म्हणून. बटाटा, कांदा, डुकराचं मांस आणि रब्लोशाँ चीज यांची तार्तिफ्लेत तर 1980 च्या दशकात रब्लोशाँ उत्पादकांच्या संघटनेनं पुढे आणली. तिच्यामागे ‘पेला’ नावाचा जुना घरगुती पदार्थ होता, एवढंच. पण रब्लोशाँ या चीजची स्वतःची कथा खरी गावातली आहे. जमीनदाराचा माणूस दुधाचं माप घ्यायला यायचा, तेव्हा शेतकरी गाय पुरती पिळायचे नाहीत. तो गेला की दुसरी धार काढायची. ती थोडी, पण साईनं दाट. त्या चोरट्या धारेचं चीज ते रब्लोशाँ. नावाचा अर्थच पुन्हा पिळणं असा. खंड चुकवण्यासाठी लपवलेलं धान्य ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

साव्वाच्याच डोंगरांत गरिबाघरचं खाणं श्रीमंतांच्या टेबलावर सन्मानानं नेणारं एक घर आहे. सां-मार्तां-द-बेलव्हिलजवळच्या सां-मार्सेल या वाडीत रने मेय्यर यांनी 1976 मध्ये बटाट्याच्या शेतात ‘ला बुईत’ सुरू केलं. तिथल्या बोलीत याचा अर्थ छोटंसं घर. सुरुवातीला स्की करून आलेल्यांना फाँड्यू-राक्लेत वाढायचं, एवढाच व्यवहार. पुढे मुलगा माक्सिम सोबतीला आला. तो आधी फ्रान्सच्या बायथलॉन संघातला खेळाडू होता. बापलेकांपैकी कुणीही पाकशाळेत गेलेलं नाही. 2003 मध्ये एक, 2008 मध्ये दोन आणि 2015 मध्ये तीन तारे त्यांनी मिळवले, ते बकव्हीटच्या पिठाचा चौकोनी तुकड्यांचा क्रोझे पास्ता, बोफोर चीज, तळ्यातले मासे आणि डोंगरातल्या वनस्पती हाताशी धरून. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त ओढ वाटते ती या घराची.

इतक्या उंचीवर शिजवणं हेही एक निराळं शास्त्र आहे. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. दर 300 मीटरमागे उकळबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो. महाबळेश्वरलाच तो 95-96 अंशांवर येतो. कूर्शव्हेलच्या वरच्या भागात, 1,850 मीटरवर, 94 च्या आसपास. डोलोमाइटमधल्या क्रोनप्लाट्झ डोंगराच्या माथ्यावर, 2,275 मीटरवर, 92-93. पाणी खदखदत असतं, पण पुरेसं तापलेलं नसतं. डाळी-कडधान्यांना वेळ लागतो, पास्त्याचं गणित बदलतं, आणि खाली घोटून पक्की केलेली पाककृती वर फसते. शिवाय थंड, कोरड्या हवेत नाक सुकतं आणि वास मंद होतो. उतारावरच्या रेस्टॉरंटांना रस्ता नसतो. सामान रोपवेनं किंवा बर्फ दाबणाऱ्या यंत्रगाडीनं चढतं, तेही उतार खेळाडूंसाठी खुले होण्याआधी. कचरा त्याच वाटेनं उतरतो. यातली बरीच रेस्टॉरंटं डिसेंबर ते एप्रिल एवढीच चालतात, म्हणजे स्वयंपाकघरातला चमू दरवर्षी नव्यानं बांधायचा. कुठून कुठून आलेली ही तरुण माणसं चार महिने दाटीवाटीच्या खोल्यांत राहून राबतात. ताटाचं कौतुक करताना त्यांची आठवण ठेवावी.

आता पुन्हा निडरकोफ्लर यांच्या डोलोमाइटकडे, म्हणजे दक्षिण टिरोलकडे. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीत आला. इथं जर्मन आणि इटालियन चालतात, आणि आल्ता बादियाच्या खोऱ्यात तिसरी, जुनी लादिन भाषा. ती बोलणारे सगळे मिळून तीसेक हजार. डोंगरातल्या झोपडीवजा उपाहारगृहाला लादिनमध्ये ‘उतिया’ म्हणतात. तिथं बार्लीचं सूप मिळतं, पालक भरून तळलेल्या ‘तुत्रेस’ मिळतात. राईच्या पातळ, कडकडीत भाकरीत इथले लोक निळी मेथी घालतात. आपल्या मेथीचीच बहीण. श्पेक म्हणजे खारवून, जुनिपरच्या वासात मुरवून, थंड धुरी देऊन महिनोन्‌महिने हवेवर टांगलेली डुकराची मांडी.

या प्रदेशात आणखी एक रीत आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. शेत वाटायचं नाही. घर, गोठा, कुरण, रान हे सारं अखंड एकाच वारसाकडे जातं. बाकीच्यांना मोबदला देतात. गुंठ्यागुंठ्यानं तुटत गेलेल्या आपल्या जमिनी पाहिल्यावर या रीतीतली कठोर बाजूही दिसते आणि तिनं काय वाचवलं तेही. उभ्या उतारावरची लहान शेतघरं त्यामुळे टिकली. म्हणूनच निडरकोफ्लर यांनी शोध घेतला तेव्हा दूध, मांस, कंद, धान्य देणारी माणसं त्यांना सापडली. पूर्वी शेफ यादी पाठवायचा आणि माल यायचा. आता शेतकरी काय तयार आहे ते सांगतो आणि त्यावरून जेवण ठरतं. जनावर घ्यायचं ते अख्खं, आणि त्याचा कुठलाही भाग फेकायचा नाही. तेल द्राक्षाच्या बियांचं. आंबटपणा लिंबाऐवजी आंबवलेल्या फळांतून आणि भाज्यांतून.

असं जेवण माणशी काही शे युरोंचं असतं. गरिबाची भाकरी खायला श्रीमंत व्हावं लागतं, हा आक्षेप खरा आहे आणि मला तो टोचतो. तरी एक फरक आहे. कॅव्हियारचे पैसे डोंगर उतरून दूर जातात. कंदाचे पैसे वरच्या वाडीतल्या गोठ्यात जातात. आल्ता बादियात दर हिवाळ्यात नामवंत शेफ उतियांसाठी स्थानिक मालाचा एकेक पदार्थ बसवून देतात, आणि तो उतारावर थांबलेल्या कुणालाही परवडेल असा मिळतो. निडरकोफ्लर यांनी स्वतः क्रोनप्लाट्झच्या माथ्यावर ‘आल्पिएन’ काढलं. ‘सेंट ह्युबर्टस’ 2023 मध्ये बंद झालं. त्याच वर्षी खालच्या ब्रुनिको गावात त्यांनी ‘आतेलिए मोएस्मर’ उघडलं आणि वर्ष संपायच्या आत तिथंही तीन तारे आले.

आपल्याकडे गुलमर्ग आहे. मराठी कुटुंबं दरवर्षी तिथं जातात, गोंडोल्यानं वर जाऊन बर्फ पाहतात आणि खाली येऊन बहुधा पनीर मागवतात. काश्मिरी घरांत मात्र हिवाळ्यासाठी वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम उन्हात वाळवून माळा करून ठेवतात. त्याला ‘होख स्यून’ म्हणतात. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-सांडगे घालणाऱ्या आणि गोव्यात पावसाळ्याआधी ‘पुरुमेंत’ भरणाऱ्या माणसांना ती चव परकी वाटणार नाही. गुलमर्गला गेलात तर हॉटेलवाल्याला ते नक्की विचारा. मागणारं कुणी असलं की ते शिजवणारंही पुढे येईल.

डोलोमाइटमध्ये हे काम बर्फाच्या कितीतरी आधी सुरू होतं. जूनपासून रानातली पानं, फुलं, कोवळे शेंडे गोळा होतात. ऑगस्टमध्ये बोरं-बेऱ्या, सप्टेंबरात अळंबी. कंद मातीत पुरून ठेवायचे, कोबी मिठात दाबायचा, फळं बरणीत आंबायला सोडायची, बरणीवर तारीख लिहायची. पहिला पाहुणा स्की खांद्यावर टाकून दारात येतो तेव्हा डिसेंबर असतो, आणि त्याच्या ताटातलं निम्मं जेवण तळघरात केव्हाच तयार झालेलं असतं.