थकली, म्हणजे थांबली

दिवाळी सरली की विदर्भातल्या देवळीकडच्या शेतांत कापूसवेचणीला जोर येतो. कमरेची ओटी जड होत जाते, पाठ वाकलेलीच राहते, बोंडांची वाळलेली टोकं बोटांना टोचतात. दुपारी बांधावर टेकताना एखादी बाई म्हणते, ‘थकली बाप्पा!’ रोजचाच शब्द, पण मला तो फार जुना आणि फार शहाणा वाटतो.

बाराव्या शतकात हेमचंद्रांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत ‘स्था’, म्हणजे उभं राहणं, या धातूच्या जागी प्राकृतात काय काय येतं ते सांगताना त्यांनी ‘थक्क’ दिला आहे. थक्क म्हणजे उभं राहणं, थांबणं. बंगालीत ‘थाका’ म्हणजे आजही राहणं. मराठीत आपण आश्चर्यानं थक्क होतो, म्हणजे जागच्या जागी खिळतो. विजेचं बिल थकतं, सोसायटीच्या कर्जाची थकबाकी होते, कारण यायचा पैसा वाटेत थांबलेला असतो. माणूस थकतो तोही असाच, चालता चालता थांबलेला.

देण्याघेण्याची ही भाषा शरीरशास्त्रालाही सुचली. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात ‘ऑक्सिजनचं कर्ज’ ही कल्पना मांडली. जोराच्या कामात स्नायू मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या ऐपतीबाहेर खर्च करतात आणि मग धापा टाकत ते देणं फिटतं. हा जमाखर्च इतका सरळ नाही, हे पुढे कळलं. थकव्यात मेंदूचाही वाटा असतो. पण ऑक्सिजन पुरला नाही तर काम अडतं, यात वाद नाही.

काहींच्या रक्तातच ही थकबाकी असते. विदर्भातल्या अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल हा आईबापांकडून येणारा आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. हाडांतला मगज नव्या पेशी करत राहतो, पण त्याला भरपाई जमत नाही. अशा मुलीला घरचे आळशी म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ‘थकली’ म्हणते तेव्हा ती खरं तेच सांगत असते.

पहिली तपासणी साधी आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब परीक्षानळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर बहुधा काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर ती मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे पुढची तपासणी सांगते.