वीज ठरवते कन्सोलचं घर

निन्टेंडो स्विचचा डॉक उचलून पाहिला की तो जवळजवळ पोकळच आहे हे कळतं. आत एक छोटं सर्किट असतं. यूएसबी-सीमधून आलेलं चित्र ते एचडीएमआयच्या वायरीत सोडतं, शिवाय चार्जिंगची सोय. गेम प्रत्यक्षात चालवणारं सगळं, म्हणजे एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप, मेमरी, पंखा, बॅटरी, हे ६.२ इंची स्क्रीनमागे दडलेलं असतं. तरीही कन्सोल डॉकमध्ये सरकवला की त्याची ताकद वाढते, कारण आता वीज भिंतीतून येते. चिपचा ग्राफिक्स सांभाळणारा भाग तेव्हा ७६८ मेगाहर्ट्झवर धावतो. हातात घेतल्यावर तो सहसा त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. ४,३१० एमएएचची बॅटरी काही तास पुरली पाहिजे, आणि तळहाताला चटकाही बसता कामा नये.

घरचा, हातातला आणि दोन्हीकडे चालणारा हायब्रिड या भेदाचं मूळ माझ्या मते विजेच्या या हिशेबात आहे. आकार आणि टीव्हीची वायर या पुढच्या गोष्टी.

हा हिशेब जुना आहे. स्विच बनवणाऱ्या क्योतोच्या निन्टेंडो कंपनीतच गुन्पेई योकोई यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे हातातलं यंत्र आणलं. त्यांच्याच १९८९ च्या गेम बॉयला रंग नव्हते, स्क्रीनमागे दिवाही नव्हता; पण चार पेन्सिल सेलवर तो कितीतरी तास चालायचा. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरकडे रंग होते, उजेड होता, आणि सहा सेल काही तासांत संपायचे. बाजी गेम बॉयने मारली. काय सोडून द्यायचं हे योकोईंना नेमकं कळलं होतं, आणि हातातल्या यंत्राच्या घडणीत तेच सर्वांत अवघड असतं.

दोन्ही टोकं जोडायचे प्रयत्न स्विचच्या आधीही झाले. सेगाच्या नोमॅडमध्ये १९९५ साली घरच्या जेनेसिसच्याच कार्ट्रिज चालत आणि तो टीव्हीलाही जोडता येई. सोनीचा पीएसपी २००७ पासून टीव्हीवर चित्र दाखवू लागला, पण गेमच्या चारही बाजूंना काळी पट्टी राहायची. गेम बनला होता छोट्या स्क्रीनसाठी. टीव्हीवर गेल्याने नोमॅड काय किंवा पीएसपी काय, कोणालाच काही जास्तीचं मिळत नव्हतं. म्हणून या दोघांना मी हायब्रिड म्हणणार नाही.

स्विच ३ मार्च २०१७ ला आला. त्याची खरी तयारी कंपनीच्या आत आधीच सुरू झाली होती. घरची आणि हातातली यंत्रं बनवणारे वेगवेगळे विभाग कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१३ मध्ये एकत्र आणले. स्विच बाजारात येण्याआधीच, जुलै २०१५ मध्ये, ते गेले. एकच गेम दोन्हीकडे नीट चालवायचा तर गेम बनवणाऱ्यांना दोनदा हिशेब मांडावा लागतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम हातात ७२०पी दिसतो, टीव्हीवर ९००पी, म्हणजे दर फ्रेमला दीडपटीहून जास्त पिक्सेल. सुरुवातीला काही ठिकाणी तो टीव्हीवरच अडखळायचा आणि हातात त्यापेक्षा सुरळीत चालायचा. ताकद वाढली होती, पण वाढलेलं काम तेवढ्याने नेहमी निभत नव्हतं.

२०१९ च्या स्विच लाइटने हायब्रिड कोणाला म्हणायचं हे कोडं आणखी वाढवलं. गेम तेच, पण कंट्रोलर कायमचे जोडलेले, आणि टीव्हीला जोडायची सोयच नाही. उलट ‘सुपर मारिओ पार्टी’ हा स्विचचाच गेम हातात धरून खेळता येत नाही; त्याला सुटे जॉय-कॉन कंट्रोलर लागतात. लाइटवाल्याने ते वेगळे विकत घ्यायचे. स्विचच्या गेमच्या खोक्यावर टीव्ही, टेबल आणि हात अशी तीन चित्रं छापतात ती यासाठीच. लाइट हातातलाच, नावात काहीही असो.

वॉल्व्हचा स्टीम डेक २०२२ पासून टीव्हीला सहज जोडता येतो. पण जोडल्यावर त्याच्या चिपला जास्तीची वीज वापरायची मुभा मिळत नाही. मोठ्या स्क्रीनवर गेम अडखळू लागला तर सेटिंग खेळणाऱ्यानेच खाली आणायची. मी त्याला हातातलाच म्हणेन, फार चांगला हातातला.